वजनाची साक्ष

वृंदा चौगुलेला गाडीचं वजन पाठीतून कळायचं. कसं कळतं ते मात्र तिला कुणाला समजावून सांगता येत नसे. वळणावर गाडी घातली की कमरेच्या वर एका बाजूला दाब यायचा. तो किती आला, किती झपाट्यानं आला, येऊन थबकला की वाढतच राहिला, यावरून टायर रस्ता धरून आहेत की सोडायच्या बेतात आहेत हे तिला समजे. यंत्रांच्या आधी समजे. फलटणच्या पुढे माळावर कंपनीचा चाचणी-ट्रॅक होता. तिथे ती अकरा वर्षं चाचणी-चालक होती, आणि तिथले इंजिनिअर आलेख उघडण्याआधी तिला विचारत, "काय म्हणतेय गाडी?"

२०३६च्या मार्चमध्ये ट्रॅकवर 'झंझा' आली. विजेवर चालणारी, कंपनीची आजवरची सर्वांत वेगवान गाडी. उभ्या जागेवरून शंभरचा वेग गाठायला पावणेतीन सेकंद. वजन दोन हजार तीनशे चाळीस किलो. त्यातली सहाशे नव्वद किलो नुसती बॅटरी, तळाशी फरशीसारखी पसरलेली.

सरळ रस्त्यावर या वजनाचं काही वाटत नाही. मोटरींना इतका जोर असतो की हत्तीनं सशासारखी उडी मारावी. प्रश्न येतो वळणावर. वस्तू जितकी जड, तितका सरळ जाण्याचा तिचा हट्ट मोठा, आणि तो मोडायचं काम चार टायरांकडे. प्रत्येक टायर रस्त्याला टेकलेला असतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. शिवाय वळणात भार बाहेरच्या चाकांवर जातो, ती तापतात, आणि फार तापलेलं रबर रस्ता सोडू लागतं. बॅटरी तळाला असल्यामुळे गाडी कलंडत नाही, एवढाच काय तो फायदा.

वृंदानं पहिल्याच आठवड्यात अहवाल दिला : 'गाडी वेगवान आहे, पण वळणात भरलेल्या पाण्याच्या टँकरसारखी वागते.'

कौस्तुभ देवलनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि हसला. कौस्तुभ मिरजेचा, गाडीच्या नियंत्रण-प्रणालींचा प्रमुख. दोघं एकाच आठवड्यात कंपनीत लागली होती आणि गेली अकरा वर्षं दुपारी एकाच टेबलावर डबा खात होती.

"तीन-चार महिने थांब, वृंदे," तो म्हणाला. "हा टँकर मी तुला हरणासारखा पळवून दाखवतो."

"वजन कमी करणार आहेस?"

"ते कुणाच्या बापाला जमणार नाही. पण तुला ते जाणवू नये, एवढं मला जमेल."

जुलैत त्यानं ते करून दाखवलं. प्रणालीचं नाव ठेवलं 'लाघव'. चार चाकांना चार मोटरी होत्याच. लाघव त्यांचा जोर सेकंदाला हजार वेळा कमीजास्त करायची. मागची चाकंही दोन-तीन अंश वळवायची. वळणात बाहेरची बाजू खाली दबण्याऐवजी उचलून धरायची. आणि खरी कमाल सीटमध्ये होती : पाठीमागच्या हवेच्या पिशव्या उलट्या बाजूनं हलका रेटा द्यायच्या, म्हणजे शरीराला येणारा दाब जवळजवळ पुसला जायचा. स्टिअरिंगही हाताला हलकं लागायचं, हजार किलोच्या गाडीचं असावं तसं. गाडीचं वजन होतं तेवढंच होतं. ते चालवणाऱ्याला सांगायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

पहिली फेरी मारून वृंदा उतरली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "वजन विसरलेच रे मी!" ती म्हणाली. जाहिरात विभागाच्या माणसानं ते वाक्य तिथल्या तिथे टिपून घेतलं. महिन्याभरात 'वजन विसरा' ही झंझाची घोषणा झाली. वृंदाला त्याचा अभिमानच वाटला होता, हे नंतर तिला स्वतःला सारखं आठवत राहिलं.

पुढचे आठ महिने ती रोज चार-चार तास लाघव चालवत होती.

मार्चमध्ये पाचगणीला तिच्या आतेबहिणीच्या घराची वास्तुशांत होती. ती आणि जयवंत सकाळी लवकर निघाले. जयवंत तिचा नवरा, फलटणच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. गाडी त्यांची जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. जयवंतला लहानपणापासून गाडी लागते. पसरणी घाट सुरू झाला तसा तो लिंबू नाकाला लावून डोळे मिटून बसला.

आठव्या की नवव्या वळणावर तो डोळे न उघडताच म्हणाला, "वृंदा, मागनं सरकतंय."

"काय सरकतंय?"

"गाडी. मागची बाजू."

"काही नाही होत," असं ती म्हणणार, तोच गाडीचा मागचा भाग खरंच फिरला. रस्त्यावर बारीक खडी होती. तिनं स्टिअरिंग उलटं फिरवलं, पण उशिरा. गाडी अर्धी गिरकी घेऊन कठड्याच्या पांढऱ्या दगडावर आदळली आणि थांबली. दिवा फुटला, बंपर लोंबला. कुणाला काही लागलं नाही. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं.

जयवंतनं उतरून रस्त्याच्या कडेला उलटी केली, चूळ भरली, आणि मग म्हणाला, "जाऊ दे. एखाद्या वेळी होतं असं."

तिला घसरण्याचं काही वाटलं नव्हतं. गाड्या घसरवणं हा तिचा धंदाच होता. पण ज्याला स्कूटरसुद्धा धड मागे घेता येत नाही, त्याला डोळे मिटून कळलं, आणि तिला कळलं नाही. वास्तुशांतीत आतेबहिणीनं तिला दोनदा विचारलं, तुमचं काही भांडण झालंय का म्हणून.

सोमवारी तिनं कौस्तुभला सांगितलं. तो म्हणाला, "टायर बघ."

"नवे आहेत."

"मग खडी. खडीवर कुणाचीही गाडी घसरते."

"घसरण्याबद्दल नाही बोलत मी. घसरतेय हे मला कळलं नाही, त्याबद्दल बोलतेय. कौस्तुभ, लाघव बंद ठेवून मी आज सकाळी चार फेऱ्या मारल्या. पाठीला काही म्हणजे काही सांगता येत नाहीये. बधिर झाल्यासारखी झालीय."

"लाघव गाडीत असते. तुझ्या पाठीत नाही."

तिनं लेखी कळवलं. मग जे व्हायचं तेच झालं. आधी तिचे डोळे तपासले; उत्तम निघाले. मग रक्त तपासलं. मनुष्यबळ विभागातल्या एका मुलीनं तिला आठ दिवस रजा घ्यायला सुचवलं आणि योगासनांची एक चित्रफीत पाठवली. बाकीच्या पाच चाचणी-चालकांना तिनं एकेकाला विचारलं. चौघं म्हणाले, आम्हाला काही वाटत नाही. पाचवा, नायकवडी, इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, माझी बायको म्हणते हल्ली तुम्ही आमची गाडी फार रेटता. पण ते कशाला वर काढायचं? दसऱ्याला गाडी बाजारात यायचीय." आणि कौस्तुभच्या पडद्यावर आलेखांच्या रेषा सगळ्या हिरव्या होत्या. त्यांत कुठे वृंदाची पाठ नव्हती.

शेवटी ती स्वतःच पुण्याला गेली. डॉ. रेगे शरीराच्या तोलावर काम करायच्या. चक्कर येणारे लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांनी वृंदाला फिरत्या खुर्चीत बसवलं, फोमच्या गादीवर डोळे बांधून उभं केलं, आणि तासाभरानं म्हणाल्या, "कान ठीक, नसा ठीक. तुम्ही आजारी नाही आहात. तुम्ही शिकला आहात."

"काय शिकले?"

"हे बघा. आपण हलतोय हे मेंदूला तीन जण सांगतात. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि अंगावर येणारा दाब. हे तीन साक्षीदार समजा. मेंदू सगळ्यांचं सारखं ऐकत नाही. कोण किती भरवशाचा हे तो अनुभवानं ठरवतो. आठ महिने रोज चार तास तुमचे डोळे सांगत होते, गाडी जोरात वळतेय. आणि पाठ सांगत होती, काही होत नाहीये. काहीही झालं तरी 'काही होत नाहीये' म्हणणाऱ्या साक्षीदाराला मेंदू हळूहळू बोलवायचंच बंद करतो."

"पण आता मी लाघव चालवत नाही. तो साक्षीदार आता खरं बोलतोय."

"बोलत असेल. ऐकतंय कोण?"

वृंदानं विचारलं, "परत येईल?"

"येईल बहुतेक. सराव करावा लागेल. किती दिवस ते मी सांगू शकत नाही. अशी गाडी आजवर नव्हतीच."

ट्रॅकवर एक मोठं गोल डांबरी मैदान होतं. सगळे त्याला 'चकती' म्हणत. पाच वर्षांपूर्वी एका वेगळ्या कामासाठी तिथे एक चाचणी झाली होती. गाडी यंत्रमानव चालवायचा आणि वेग वाढवत गोल फिरवायचा. शेजारच्या सीटवर माणूस बसायचा, डोळे बांधून, कानांवर हेडफोन लावून. टायर सुटताहेत असं वाटलं की त्यानं बटण दाबायचं. वृंदानं तेव्हा यंत्राच्या चार दशांश सेकंद आधी बटण दाबलं होतं. तो आकडा दप्तरात होता.

"एकदा कर," तिनं कौस्तुभला विनवलं. "आम्हा सहाही जणांची. लाघव बंद ठेवून. मी चुकीची ठरले तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तू तोंड उघडणार नाहीस हे ऐकायला मी काहीही करीन," तो म्हणाला. पण केलं त्यानं, ते मैत्रीखातरच. एवढंच नाही, तर तुलनेसाठी लाघवमध्ये कधीच न बसलेली माणसंही घेऊ या, असं त्यानंच सुचवलं. त्यांत कँटीनच्या सुगंधाबाई होत्या. त्या नको नको म्हणत असताना त्यांना पट्ट्यानं बांधून बसवावं लागलं.

वृंदानं बटण दाबलं तेव्हा यंत्राची नोंद होऊन तीन दशांश सेकंद उलटून गेले होते. आधीपेक्षा सात दशांशांचा फरक. ताशी शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी एकोणीस मीटर पुढे जाते. बाकीचे पाचही जण उशिराच होते. नायकवडीनं तर बटण दाबलंच नाही. गाडी आडवी फिरल्यावर तो ओरडला.

सुगंधाबाईंनी दोन दशांश सेकंद आधी दाबलं होतं. पट्टी सोडल्यावर त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय बाई त्यातलं. पोटात ढवळलं तसं दाबलं."

कौस्तुभनं आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाला, "सहाच माणसं आहेत. सहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही."

"मग साठ घे."

"दसऱ्याला सहा महिने आहेत, वृंदा."

"म्हणूनच म्हणतेय."

तिनं अहवाल लिहिला. चार वेळा लिहिला. प्रत्येक वेळी एक वाक्य टाळायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी ते वाक्य नसेल तर अहवालाला अर्थच उरत नाही हे तिच्या लक्षात आलं. अखेर तिनं ते सुरुवातीलाच घातलं : 'मी, वृंदा चौगुले, सध्या चाचणी-चालक म्हणून काम करण्यास योग्य नाही, आणि याचं कारण लाघव आहे.' जयवंतनं ते वाचलं. "हे लिहिलंस की तुझं काम गेलं," तो म्हणाला.

"काम आधीच गेलंय. लिहायचंच काय ते राहिलंय."

संचालक आशुतोष पाध्ये यांनी अहवाल खरंच नीट वाचला होता. हे तिला अपेक्षित नव्हतं. वीस मिनिटं ते नेमके प्रश्न विचारत होते आणि तिला वाटलं, चला, कुणीतरी ऐकतंय.

"म्हणजे आठ महिने लाघव चालवली," पाध्ये म्हणाले, "की माणसाला साधी गाडी नीट चालवता येत नाही?"

"हो. आणि लाघवमध्येसुद्धा धोका आहेच. घाट उतरताना दहा-बारा वळणांत टायर तापतात. तेव्हा पकड सुटते ती काही न सांगता सुटते. गाडी हलकी वाटत असते, हातात असते सव्वादोन टनांची."

"तिथे लाल दिवा लागतो," कौस्तुभ म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"दिव्याकडे बघायलाही वेळ लागतो, कौस्तुभ."

पाध्ये मात्र दिव्याच्या गोष्टीत नव्हते. ते खुर्चीत मागे टेकले. "वृंदाताई, माणूस चष्मा लावतो. सवय झाली की चष्म्याशिवाय त्याला चालत नाही. म्हणून आपण चष्म्याला दोष देतो का? उलट तो दर दोन वर्षांनी नवा चष्मा घेतो." ते हसले. दुष्टपणानं नाही, एखादं गणित सुटल्यासारखे हसले. "एकदा लाघव घेतलेला माणूस पुन्हा दुसऱ्या कुणाची गाडी घेणार नाही. हे तुम्ही मला आकड्यांनिशी दाखवलंत."

"चष्मा खोटं दाखवत नाही, साहेब," ती म्हणाली. पण तोवर ते घड्याळाकडे बघू लागले होते.

तिच्याच अहवालाचा आधार घेऊन तिला ट्रॅकवरून काढलं आणि कागदपत्रांच्या विभागात बसवलं. झंझाच्या हाताळणीच्या दाखल्यावर नायकवडीनं सही केली. मे महिन्यात तिनं राजीनामा दिला.

पुण्यात वाहन सुरक्षा मंडळाचं कार्यालय होतं. तिथल्या अधिकारी लोखंडे मॅडमना भेटायला तिला पाच खेपा घालाव्या लागल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि नियमांचं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "तुम्हीच शोधा. ब्रेक किती मीटरमध्ये लागला पाहिजे, ते आहे. किती वेगाला गाडी उलटता कामा नये, ते आहे. झंझा सगळ्यांत पास आहे. गाडीनं चालकाला काय जाणवू द्यावं, असं यात एकही कलम नाही. आम्ही गाडी तपासतो, चौगुलेबाई. चालक हा गाडीचा भाग नाही."

"तोच तर मुख्य भाग आहे."

"मला पटतंय हो. पण मी काय लिहू? चाचणीचे आकडे कंपनीचे, ते तुमच्याकडे नाहीत. तुमच्या एकटीच्या पाठीवर मी गाडी थांबवू शकत नाही. प्रणाली ज्यानं बनवली त्यानं लिहून दिलं, तर गोष्ट वेगळी. मग चौकशी होईपर्यंत मला विक्रीचा दाखला रोखून धरता येतो."

ज्याला-त्याला पटत होतं आणि ज्याच्या-त्याच्या हातात काही नव्हतं. तिला सगळ्यात जास्त चीड येत होती ती कुणी वाईट नसण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जयवंतला उठवलं. "चल माळावर. लिंबू घे."

कॉलेजच्या मागे मुरमाचं मोकळं रान होतं. तिथे ती छोटी गाडी गोल गोल फिरवायची, आणि जयवंत शेजारी डोळे मिटून बसायचा. मागची चाकं सुटू लागली की तो म्हणायचा, "आता." ती पाय काढायची, आणि तो क्षण अंगात कुठे लागतोय ते शोधायची. पहिले काही आठवडे काहीच लागत नव्हतं. रोज तासभर. जयवंत रोज हिरवा-पिवळा होऊन उतरायचा आणि तसाच तासाला जायचा. एकदा चिडून तीच म्हणाली, "बास झालं, सोड." तो म्हणाला, "मी सोडत नाही, तू फिरव." सातव्या आठवड्यात तिला कधीकधी लागू लागलं, पाठीत नाही, आधी मांडीखाली. मग वर सरकत गेलं. बहात्तराव्या दिवशी दोघं एकदमच म्हणाले, "आता." त्यानंतर ती त्याच्या आधी म्हणू लागली.

ऑगस्टच्या एका रविवारी ती कौस्तुभच्या दारात उभी राहिली. चार महिन्यांत ते बोलले नव्हते.

"लिहून मागायला आली असशील, तर नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी याच एका गोष्टीच्या मागे होतो. आणि चूक नाही त्यात. गणित तपास, एक चिन्ह चुकलेलं दाखव."

"गणित बरोबरच आहे. माझ्याबरोबर तासभर चल. गाडी तू चालव."

"मी काय चाचणी-चालक आहे?"

"वर्षभर घर ते ऑफिस लाघवनंच जातोस ना?"

तो आला. बहुधा तिला एकदाचं वाटेला लावावं म्हणूनच आला. मुरमाच्या रानात तिनं त्याला नियम सांगितला : गोल फिरव, वेग वाढव, मागची चाकं सुटताहेत असं ज्याला आधी वाटेल त्यानं 'आता' म्हणायचं. ती शेजारी डोळे मिटून बसली.

"आता," ती म्हणाली.

"कुठे?" कौस्तुभ म्हणाला, आणि गाडीचा मागचा भाग निघाला. धूळ उडाली. गाडी थांबली.

"लक्ष नव्हतं माझं. पुन्हा."

पुन्हा तसंच झालं. पाचव्या वेळी त्यानं दात आवळले होते. सातव्या वेळी, सरकत काही नसताना तो 'आता' म्हणाला, नुसत्या अंदाजानं, आणि स्वतःच ओशाळला. अकराव्या वेळेनंतर त्यानं गाडी बंद केली.

"तुला कुठे कळतं ते?" त्यानं विचारलं.

"इथे." तिनं कमरेवर हात ठेवला. "तुलाही कळत असणार पूर्वी. कधी मुद्दाम लक्ष दिलं नसशील."

"मिरजेहून आईला घेऊन येतो ना मी," तो म्हणाला. "तिच्याच गाडीतनं. गेल्या महिन्यात सारखी म्हणत होती, कौस्तुभ, जरा हळू. मला वाटलं, म्हातारी झाली." त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. "किती दिवस लागले तुला?"

"बहात्तर."

त्यानं दार उघडलं, वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि म्हणाला, "तू चालव. मला घरी सोड."

पत्र चार दिवसांनी आलं. दीड पानाचं. आकडे त्यानं दिले नव्हते, ते कंपनीचे होते. पण ते कुठल्या दप्तरात आहेत आणि मंडळानं ते कुठल्या शब्दांत मागवावेत, हे दिलं होतं. पहिली ओळ अशी होती : 'मी, कौस्तुभ देवल, लाघव या प्रणालीचा निर्माता, सध्या कोणतीही साधी गाडी सुरक्षितपणे चालवण्यास असमर्थ आहे.'

मंडळानं नव्वद दिवसांसाठी दाखला रोखला. दसरा हुकला. वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळी आल्या. कौस्तुभला कंपनीनं घरी बसवलं. वृंदाचे जुने सहकारी रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघत. आणि परदेशातल्या दोन कंपन्यांनी अशीच प्रणाली बाजारात आणल्याची बातमी त्याच आठवड्यात आली.

लोखंडे मॅडमनी दोघांना बोलावलं. "कलम लिहायचं तर आकडा लागतो," त्या म्हणाल्या. "वजन लपवू नका, असं नुसतं लिहून भागत नाही. गाडीनं चालकाला किती जाणवू द्यावं? निम्मं? पाव?"

"एक तृतीयांश पुरेल," कौस्तुभ म्हणाला.

"निम्म्याच्या खाली नाही," वृंदा म्हणाली.

"कशावरून?"

"तुझं तरी कशावरून?"

कशावरूनच नाही, हे दोघांनाही माहीत होतं. लोखंडे मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मोजून आणा. नव्वदातले चौदा दिवस गेलेत. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

जिना उतरताना कौस्तुभ मनाशी हिशेब करत होता. तशी हवेच्या पिशव्यांची सीट एक भाड्यानं मिळेल, ट्रॅक मिळणार नाही, एखादं विमानतळाचं जुनं मैदान बघावं लागेल. "आणि निदान शंभर माणसं लागतील," तो म्हणाला. "अशी गाडी कधीच न चालवलेली."

खाली रस्त्यावर सिग्नल सुटला होता. स्कूटर, रिक्षा, जुन्या गाड्या, एक टेम्पो. सगळे एकदम वळत होते, आणि वळताना प्रत्येक जण नकळत थोडासा आत झुकत होता.

"आज मिळतील," वृंदा म्हणाली. "दोन वर्षांनी शोधावी लागतील. चल लवकर."